कॉक बंद असताना

जेवणं उरकली तरी टेबलावरून कुणी उठलं नाही, तेव्हाच वहिनीला कळलं की आज भांडण टळत नाही.

सकाळी उतरलेलं धुकं दुपार झाली तरी हललं नव्हतं. समोरची वर्कशॉपची शेड एरवी खिडकीतून स्पष्ट दिसायची. आज तिथे नुसता एक काळपट ठोकळा होता. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला होता. अप्पा गेल्यानंतर घरचे सगळे पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले होते. अप्पांची खुर्ची रिकामी ठेवायची असं काही ठरलं नव्हतं, पण शिट्टी आला तो कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसला आणि ती खुर्ची तशीच राहिली.

शिट्टी म्हणजे वहिनीचा धाकटा दीर. हे नाव अप्पांनीच पाडलेलं. सुपरचार्जर, म्हणजे जादा हवा कोंबणारा पंखा, लावलेलं इंजिन वेग घेताना एक बारीक, चढत जाणारी शिट्टी मारतं. पोरवयात हा तिच्या नादी लागला तो लागलाच. अप्पांना ते यंत्र कधी पटलं नाही. ते त्याला 'भाता' म्हणायचे. "इंजिनाला आपल्या दमाने श्वास घेऊ द्यावा, नाकात फुंकून काय होणार?" यावरून बापलेकांचं इतकं बिनसलं की शिट्टी दूरच्या शहरात रेसच्या गाड्या ट्यून करायला निघून गेला, तो थेट अप्पांच्या अंत्यविधीलाच आला. तेव्हाही भावाशी धड बोलला नाही.

"उद्या ती माणसं येतायत," दादा म्हणाला. दादा म्हणजे वहिनीचा नवरा, घरातला थोरला. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग त्याचं. गाड्यांचे सांगाडे त्याच्या हातचे. "डोंगरातल्या दवाखान्यांना औषधं पोचवायला मोटारसायकली हव्यात त्यांना. आपण सांगायचं, डिझेल. वर पेट्रोल कुठे मिळतंय? डिझेल प्रत्येक दवाखान्यात असतं, जनरेटरसाठी."

"आणि वर हवा विरळ होते, तिचं काय?" शिट्टी म्हणाला. "अप्पांचं डिझेल अर्धा घाट चढलं की धापा टाकायचं. मागे बघावं तर धुराची भिंत. माझं पेट्रोलचं इंजिन ने वर. भाता असला की डोंगरमाथ्यावरही त्याला पोटभर हवा मिळते."

"तुझा भाता इंजिनाचाच जोर खातो."

"खातो ना. खातो त्याच्या दुप्पट देतो."

"आणि प्लग भिजला की? वायर तुटली की? औषधं घेऊन माणूस रानात बसला की तू जाणार आहेस आणायला?" दादाचा आवाज चढला. "डिझेलला प्लग नाही की ठिणगी नाही. एकदा चालू झालं की त्याला कुणाची..."

तो तिथेच थांबला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. वाक्य अर्धवट सोडायची त्याची सवय नव्हती.

"बरं," शिट्टी म्हणाला, "डिझेलच दाखवायचंय ना? मग ठोक्या बाहेर काढ. अप्पांनी आयुष्यभर तिच्यावर जीव लावला आणि तू तिला ताडपत्रीखाली डांबून ठेवलंयस."

"तिला कुणी हात लावायचा नाही."

"का? एकट्या तुझी आहे?"

"नाही म्हटलं ना!"

त्याने टेबलावर हात आपटला तसे कप थरथरले. ठोक्या ही अप्पांची मोटारसायकल. जनरेटरचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवून त्यांनी ती स्वतः तयार केली होती. तिचे ठोके घरात बसून मोजता यायचे. अप्पा गेले ते तिच्याच शेजारी. शेडमधल्या तिच्या खोलीचं दार आतून लावलेलं, आत धूर. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. लोक आणखीही काही म्हणाले, हळू आवाजात. तेव्हापासून दादाने ठोक्याच्या खोलीला कुलूप घातलं होतं. शेडमध्ये काम करतानाही तो त्या दाराकडे पाठ करून उभा राहत नसे, हे फक्त वहिनीला माहीत होतं.

टेबलाच्या टोकाला आई बसली होती. तिने कप बाजूला सारला.

"ठोक्या चालू होणार आहे," ती म्हणाली. "आत्ता. चला सगळे."

*

ताईने मान वर केली नाही. दादा आपल्याकडेच बघतोय, हे तिला न बघताही कळत होतं.

"तू?" दादा म्हणाला. "तूसुद्धा?"

"आईने सांगितलं म्हणून केलं मी."

ताई दोघांची मधली बहीण, वर्कशॉपमधला लेथ तिचा. दोन्ही भावांना लागणारे सुटे भाग तीच कातून द्यायची, आणि दोघांनाही वाटायचं ती आपल्या बाजूची आहे. मागे एकदा आईने ठोक्याच्या खोलीची दुसरी किल्ली तिच्या हातावर ठेवली होती. 'ह्या दोघांची दोन इंजिनं एकात घाल,' आई म्हणाली होती, 'म्हणजे एकाने दुसऱ्याला सोडून जायचं कारण उरणार नाही.' मग जरा थांबून म्हणाली होती, 'आणि मला तो आवाज एकदा ऐकायचाय.' हे दुसरं वाक्य ताईने कुणाला सांगितलं नव्हतं.

दादा काम घेऊन बाहेर गेला की ती त्या खोलीत शिरायची. इंजिन उघडलं तेव्हा तळाशी ऑइलचा थेंब नव्हता. इतके महिने उभी आहे, गळालं असेल, असं तिला वाटलं. पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या, सिलिंडर घासून घेतला. माळ्यावर शिट्टीचा एक जुना भाता पडला होता, तो साफ करून डिझेलच्या तोंडाला बसवला. तिथे काम करताना तिला एकदाही एकटं वाटलं नाही. त्याचं बरं वाटावं की भीती, हे मात्र तिला ठरवता आलं नव्हतं. केलेलं काम तेवढं तिने आता सांगून टाकलं.

"माझा भाता?" शिट्टी उठून उभाच राहिला. "डिझेलवर?" त्याला हसावं की रागवावं कळेना. "आणि त्याचं ऑइल रोखणारं सील? ते बदललंस का?"

"जुनंच आहे. चांगलं दिसलं मला."

"दिसलं!"

"मग तू यायचं होतंस बदलायला," ताई म्हणाली.

अंगणातून जाताना धुक्यामुळे पुढच्याची पाठ तेवढी दिसत होती. आई सगळ्यांत पुढे. दादा सगळ्यांत मागे, आणि वहिनीने त्याचा दंड धरलेला. तो येणार नाही असं ताईला वाटलं होतं. पण आला.

*

खोलीत एकच बल्ब होता. स्टँडवर उभी असलेली ठोक्या शिट्टीला आठवणीपेक्षा लहान वाटली. चेन काढून ठेवलेली, मागचं चाक मोकळं. इंजिनाच्या कुशीला त्याचा स्वतःचा भाता, तोंडावर तारेची जाळी. बारा वर्षांपूर्वीचं आपलं वेल्डिंग त्याने लगेच ओळखलं आणि उगाच लाजला.

आईने भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि ती गाडीच्या अगदी समोर बसली.

"आई, जरा मागे," ताई म्हणाली.

"इथूनच ऐकते मी."

ताईने दोरी गुंडाळून ओढली. पहिल्यांदा इंजिन नुसतं हललं. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्या वेळी ठोके सुरू झाले, संथ, जड. पायाखालची फरशी त्यांच्याबरोबर हलू लागली. मग त्यांच्यावरून भात्याची शिट्टी उठली. हे दोन आवाज एकत्र शिट्टीने आजवर कधी ऐकले नव्हते. ठोके अप्पांचे आणि शिट्टी त्याची. भात्याच्या आवाजात मधेच एक चढउतार होता, पलीकडच्या खोलीत माणूस बोलत असावा आणि शब्द लागू नयेत तसा.

आईने डोळे मिटले होते. "तेच आहेत," ती म्हणाली.

"आई, असं बोलू नकोस," वहिनी म्हणाली.

"तू नाही ओळखायचीस. घरी आले की असेच खाकरायचे."

ठोके भराभर पडू लागले.

"ताई, कमी कर," शिट्टी म्हणाला.

"मी वाढवलेलंच नाही." ताईने दोन्ही हात वर करून दाखवले.

आवाज चढत होता. एक्झॉस्टमधून निळसर धूर यायला लागला, जाड, गोड वासाचा. ताई झटकन वाकली आणि तिने टाकीखालचा कॉक फिरवला. डिझेल बंद. आता पाइपात जेवढं उरलंय तेवढं जळायचं आणि इंजिन गप्प व्हायचं. सगळे वाट बघत राहिले.

इंजिन गप्प झालं नाही. ते आणखी जोरात पळू लागलं.

"कॉक नीट बंद झाला का?" शिट्टीने विचारलं.

"झालाय! हा बघ!" ताईने पाइपच ओढून काढला. पाइपातून डिझेल आलं नाही. टाकीचा आणि इंजिनाचा आता काही संबंध उरला नव्हता, तरी इंजिन पळत होतं. भात्याचा आता किंकाळीसारखा आवाज झाला. बल्ब झुलायला लागला. थरथरीने स्टँड फरशीवरून सरकत होता, थोडा थोडा, आणि गाडी आईच्या दिशेने येत होती.

आई उठली नाही. डोळेही उघडले नाहीत तिने.

"दादा!" शिट्टी ओरडला.

*

दादाला ऐकू येत होतं, पण हात हलत नव्हते.

हे त्याने आधी पाहिलं होतं. हीच खोली, हाच धूर. खांद्याने दार फोडून आत आला तेव्हा अप्पा गाडीच्या कडेला पडलेले होते आणि इंजिन असंच किंचाळत होतं. आधी इंजिन बंद करावं म्हणून त्याने कॉकला हात घातला. कॉक बंदच होता. त्याने तो उघडून पुन्हा बंद केला. वाटलं, आपण उलटं फिरवतोय. इंजिन तसंच. आणि मग, तो अप्पांच्या अंगावर वाकला त्या क्षणी, ते आपणहून थांबलं. आपण येईपर्यंत इंजिनाला थांबायचं नव्हतं, असंच वाटलं त्याला. दादा सांगाडे बनवणारा माणूस. इंजिनाच्या पोटातलं अप्पांना कळायचं आणि धाकट्याला. अप्पा संपले होते आणि धाकट्याशी बोलणं नव्हतं. विचारणार कुणाला? डिझेल नसताना चालणारं इंजिन पाहिलं, असं सांगितलं असतं तर लोकांनी त्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं. त्याने कुलूप घातलं आणि तोंडही बंद ठेवलं.

"दादा, हवा बंद कर!" शिट्टी गाडीच्या पलीकडच्या बाजूला होता, भिंत आणि सरकणारं चाक यांच्यात अडकलेला. "ते भात्याचं ऑइल पितंय! ऑइलवर चाललंय ते! कॉकचा उपयोग नाही, हवा तोड! तोंड दाब त्याचं!"

भात्याचं तोंड दादाच्या बाजूला होतं. गाडीचं पुढचं चाक आईच्या गुडघ्यांना टेकायला आलं होतं.

आजवर भावाचं एकही म्हणणं दादाने ऐकलं नव्हतं. या वेळी त्याने विचार केला नाही. पुढे झाला आणि भात्याच्या तोंडावर उजवा तळहात दाबला.

इंजिनाने तो ओढून घेतला. पलीकडून कुणी मूठ आवळावी तशी पकड होती. जाळी होती म्हणून बोटं वाचली. इंजिन अडखळलं, पण बोटांच्या फटीतून हवा ओढत पुन्हा उसळलं. तेवढ्यात वहिनीने बाकावरची फळी उचलली. "अहो, हात काढा!" दादाने सगळं अंग मागे टाकून हात सोडवला, वहिनीने फळी दाबली आणि त्याने तिच्यावर आपला खांदा टेकवला. शिट्टी खाली आली, घोगरी झाली. दोन ठोके पडले. मग बऱ्याच वेळाने आणखी एक.

नंतरच्या शांततेत धूर बल्बभोवती फिरत राहिला. ताईने दार सताड उघडलं. बाहेरचं धुकं आत आलं आणि त्यात मिसळलं.

"तेव्हाही कॉक बंद होता," दादा म्हणाला.

"कधी?" ताईने विचारलं.

"अप्पा गेले तेव्हा. मी आत आलो तेव्हा कॉक बंद होता. आणि हे चालू होतं. असंच."

शिट्टी हळूच खाली बसला, गाडीला टेकून. "तेव्हा भाता नव्हता," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "पण रिंगा झिजल्या असणार. ऑइल वर चढलं... ताई, तू उघडलंस तेव्हा ऑइल होतं का?"

"थेंबसुद्धा नव्हता."

"प्यायलं ते. सगळं पिऊन संपलं तेव्हा थांबलं." त्याने भावाकडे पाहिलं. "मला एक फोन केला असतास तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, दादा."

"तू उचलला असतास?"



*

आईने डोळे उघडले होते. ती दादाचा हात बघत होती. तळहातावर लालभडक गोल वळ उठला होता, भात्याच्या तोंडाच्या कडेएवढा, आणि आत जाळीच्या तारांच्या बारीक रेघा.

"इकडे आण," ती म्हणाली. त्याचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला आणि त्या गोलावरून बोट फिरवलं, एकदा सुलट, एकदा उलट.

"यांच्याही हातावर असाच होता."

"आई?"

"शेवटची अंघोळ घातली तेव्हा मी पाहिला. उजव्या हातावर. मला वाटलं, पडताना कशावर तरी हात आपटला असेल. विचारलं नाही मी कुणाला." तिने त्याचा हात सोडला नाही. "दार आतून लावलेलं होतं, धूर होता. लोक बोलायचे ते मला कळत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला? मलाही तेच वाटत होतं. आपलं काय चुकलं, काय कमी पडलं, की हा माणूस न सांगता निघून गेला. रोज हेच. भांडी घासताना, केस विंचरताना."

"दाराची बिजागरी सैल आहे, आई," ताई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "आम्ही सगळेच आतून कडी लावतो. नाहीतर ते आपटत राहतं."

"म्हणजे त्यांनी बंद करायला पाहिलं," आई म्हणाली. "आधी कॉक. मग हात. यायचं होतं त्यांना बाहेर."

"हो," दादा म्हणाला. "हो, आई."

"आणि मी वर होते. आवाज चढलेला ऐकला मी. मला वाटलं, आज स्वारी खुशीत आहे."

वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली. कुणी कुणाला काही समजावलं नाही. मग शिट्टी उठला, भावापाशी आला आणि त्याचा तो हात हातात घेऊन वळाकडे बघत राहिला. लहानपणी पतंगाच्या मांज्याने बोट कापलं की दादा त्याचं बोट असंच बघायचा.

*

दुसऱ्या दिवशी दवाखान्यांची माणसं आली तेव्हा त्यांना दाखवायला काहीच नव्हतं. दादाने सरळ सांगितलं की गाडी सुरक्षित नाही, आणि मुदत मागून घेतली. एक बाई आणि दोन पुरुष होते. बाईने विचारलं, "मग आधीच का नाही कळवलंत?" दादा म्हणाला, "आम्हालाच काल कळलं." तिने त्याच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि मुदत दिली.

शिट्टी परत गेला नाही. डिझेल राहिलं आणि भाताही राहिला. सील नवीन पडलं. भात्याच्या पुढे, हवा आत शिरते तिथे, ताईने एक झडप कातून बसवली. तिची केबल दादाने हँडलपर्यंत नेली आणि डाव्या मुठीशेजारी लाल लिव्हर लावला. तो ओढला की इंजिनाची हवा तुटते, आतमध्ये काहीही जळत असो. ती झडप कशी असावी यावरून दोघे भाऊ इतके भांडले की वहिनीला दोनदा शेडमध्ये जावं लागलं. ते जुनं भांडण नव्हतं. जेवायला दोघे एकत्र यायचे.

माणसं पुन्हा आली त्या दिवशी धुकं नव्हतं. गाडी अंगणात उभी होती. आई सावकाश जिना उतरून आली.

"आधी मी बघते," ती म्हणाली.

शिट्टीने इंजिन चालू केलं. तेच ठोके, तीच वर जाणारी शिट्टी. आलेल्या बाईने नकळत एक पाऊल मागे घेतलं; त्या आवाजात काय आहे ते तिला सांगता आलं नसतं. दादाने मूठ पिळून वेग वाढवला. आई गाडीच्या बाजूला उभी राहिली, लाल लिव्हरवर हात ठेवला आणि पूर्ण आवाज चढेपर्यंत थांबली. मग ओढला.

इंजिन जागच्या जागी गप्प झालं.

आईने लिव्हर सोडला.

"पुन्हा चालू कर," ती म्हणाली.

शिट्टीने केलं. तिने बंद केलं.

"पुन्हा."

आलेल्या माणसांपैकी एकाने घड्याळ बघितलं आणि दादाच्या कानाशी लागून विचारलं, की ही चाचणी अजून किती वेळ चालणार आहे.

"तिला पाहिजे तितका वेळ," दादा म्हणाला.

आईने पुन्हा लिव्हर ओढला.